अस्तर

उद्यमनगरात तेहतीस वर्षं
हिंदुराव लोहार, म्हणजे माझे आबा,
भट्टीला आतून अस्तर लावत होते.
वितळलेलं लोखंड सगळे बघतात,
ओतीव मालाची बिलं होतात, ट्रक भरतात.
अस्तराचं नाव निघतं ते गळती लागल्यावर.
पांढरी वाळू ओतायची, थरावर थर ठोकायचा,
मग बोटाच्या पेरानं वाजवायचं.
"भद्द वाजलं की खोट हाय."

मी राजारामपुरीतल्या लॅबमध्ये
मेणात बसवलेल्या माणसांचे काप काढते.
भिंगाखाली रक्तवाहिनी दिसते ती अशी:
एक पोकळी, भोवती चपट्या पेशींची एकच ओळ,
लांब लांब चिकटलेल्या तिळांसारखी जांभळी केंद्रकं.
चौदा वर्षं मी तिला भिंत समजत होते.

मग कुणाच्या तरी सुजलेल्या अपेंडिक्सचा काप आला.
पांढऱ्या पेशी आतल्या कडेला खेटून उभ्या,
एक तर अर्धी आत, अर्धी बाहेर,
दाराच्या फटीतून अंग चोरून निघालेली.
तिला वाट कुणी दिली?
त्याच ओळीनं.
आग लागल्याची वर्दी आली की ती अंगावर आकडे उगवते,
वाहत्या गर्दीतल्या नेमक्यांना अडकवते,
गडगडत येणाऱ्याला थोपवते,
दोन पेशींमधली शिवण उसवते
आणि म्हणते, जा, तिकडं.

ऑगस्टात आबांना डेंग्यू झाला.
गाव विचारत होतं, बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर?
आम्ही विचारत होतो, प्लेटलेट किती हजारांवर?
आत्या पपईची पानं वाटत होती,
श्रीधर रक्तपेढीच्या रांगेत.
पाचव्या दिवशी ताप उतरला.
आईनं अंबाबाईपुढं साखर ठेवली,
आणि डॉक्टर शहापुरे बाई नेमक्या तेव्हाच गप्प झाल्या.
"आता गळती बघायची.
नाडी, पोट, लघवी. दर तासाला लिहा."

रक्त कुठं सांडलं नव्हतं, थेंबभरही नाही,
तरी काकवीसारखं घट्ट होत चाललेलं.
पाणी तेवढं शिवणींतून निसटून
पोटात, छातीत जाऊन बसलं होतं.
सगळं काही विषाणूनं फोडलं नव्हतं.
आपल्याच माणसांनी इतका आरडाओरडा केला
की उघडलेली दारं मिटायची राहिली.

बाईंनी पाठीवर बोट ठेवून बोटानं ठोकलं.
आबा डोळे मिटूनच म्हणाले,
"भद्द वाजतंय, बाई."

रात्री अडीचला त्यांनी मला विचारलं,
"काय झालंय मला?"
अस्तर गळतंय, आबा.
ते गप्प. मग धंद्यातला प्रश्न:
"जाडी किती?"
एक पेशी.
"म्हंजी किती?"
केसाचे शंभर पापुद्रे काढले तर त्यातला एक.
ओठ फुटलेले, तरी हसले.
"आमी चार इंच भरून बी रातभर झोप न्हवती.
आन बदलतंय कोन?"
ते स्वतःच बदलतं.
"भट्टी बंद करून?"
चालू भट्टीत, आबा.
त्यांनी मान हलवली,
दुसऱ्या कारागिराचं काम बघून हलवावी तशी,
थोडी हेव्यानं.

दोन दिवसांनी शिवणी मिटल्या.
गेलेलं पाणी परत फिरलं,
बाईंनी सलाईन घाईघाईनं बंद केलं,
आता तेच जास्त झालं असतं.
आबांची बोटं तेवढी सुजलेली राहिली,
चहाचा कप धरताना चिडायचे.

सोमवारी पहिली स्लाइड कुणाच्या तरी पित्ताशयाची.
रिपोर्टात त्या ओळीसाठी रकाना नसतो.
तरी मी तिथं जरा वेळ थांबले.
रुक्साना म्हणाली, काय सापडलं?
म्हटलं, काही नाही.
सगळं जागेवर आहे.