एक हात खिशात

सियागंजात विचारलं, महाराणी रोडवर विचारलं.
जेल रोडच्या पोरानं मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं,
"भिया, वो तो कबाड़ में गया होगा."
म्हणून मग कबाडातच गेलो.
दोन वर्षांत हाती लागलं ते असं:
एका बंद टॉकीजचा ॲम्प्लिफायर, आतून उंदरांनी खाल्लेला;
देवासला एक पेटी, जिच्या पोटात
ट्रान्सफॉर्मरच्या जागी वीट होती, वजनाला.
विकणाऱ्यानं विटेचेही पैसे धरले होते.

सापडला तो महूला,
झंवर टेंट हाऊसच्या गोदामात,
डेगच्या, कनाती, तडकलेले भोंगे यांच्यामागे.
नावाची पाटी उखडलेली, स्क्रूंची चार भोकं तेवढी.
आणि डोक्यावर पाण्याचा माठ.
त्याचा गोल डाग अजून आहे वरच्या रेक्झिनवर,
पुसत नाही मी.
झंवर म्हणाला, "फिर मटका किधर रखूँ?"
एवढाच त्याचा आक्षेप.
तीन हजार आणि एक नवी तिवई, ठरलं.

अडतीस किलो. तिसरा मजला. लिफ्ट नाही.
भाचा पुष्कर आणि मी, दर जिन्याला विसावा देत,
अंत्ययात्रा उलटी घरात यावी तसे.
आठलेकर काकूंनी दार किलकिलं करून विचारलं,
"फ्रिज घेतला का?"

मुस्तनसिरभाई आता रेडिओ दुरुस्त करत नाहीत.
दुकानात मुलगा कॅमेरे विकतो.
पण मागचं फळकूट उघडलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला,
टोपी सारखी केली
आणि डावा हात कुर्त्याच्या खिशात घातला.
"बंद है, तो भी मत समझो कि बंद है.
अंदर साढ़े चार सौ वोल्ट बैठा रहता है, चुपचाप.
दोनों हाथ लगाए, तो रस्ता दिल से होकर जाता है."
मीही माझा हात खिशात घातला,
उगाच, तीन फूट लांब उभा असून.

चार महिने लागले. कंडेन्सर पुण्याहून,
एक व्हॉल्व्ह उज्जैनच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून,
जिथे तो "तपासून निकामी" अशी चिठ्ठी लावून
तीस वर्षं चांगला राहिला होता.

खरं तर आता याची कुणालाच गरज नाही.
ऑर्केस्ट्रात बेसची वायर सरळ मिक्सरला जाते.
साउंडवाला पोरगा म्हणतो, "अंकल, सब आ जाता है."
येतं. पण कुठून येतं, हे मांडीला कळत नाही.

रविवार, दुपार. पहिली कळ दाबली.
मग थांबायचं. घाई केली तर चालत नाही त्याला.
चार काचा आतून नारिंगी होत गेल्या,
भाजलेल्या धुळीचा वास,
आणि एक बारीक गुणगुण, एवढं करूनही न गेलेली.
भाई म्हणतात, तबियत है उसकी.
दुसरी कळ.
सगळ्यांत जाड तार छेडली, मोकळी.
आधी आवाज आलाच नाही,
मांडणीतले पेले एकमेकांना लागले,
भिंतीपलीकडे काकूंची एखादी बरणी.
मुस्तनसिरभाईंना हल्ली वरचे सूर पोचत नाहीत,
मोबाइलची घंटी नाही, सुनेची हाक नाही.
त्यांनी पलंगाच्या लाकडावर तळवा टेकला.
म्हणाले, "ई. थोड़ा उतरा हुआ."

रात्री दाढीच्या जुन्या ब्रशनं मळ काढताना
आवाजाच्या बटणाशेजारी पेन्सिलीची अक्षरं निघाली,
रोमन, तिरकी:
इन्स्टिट्यूट सात. शादी नऊ. गिरजा तीन.
झंवरला फोन केला. त्याच्या बापानं
रेल्वेतल्या कुणाकडून उधारीपोटी उचललेला. नाव नाही.
सातावर नाचणाऱ्यांच्या टाचांखाली
किती हलली असेल ती लाकडी जमीन.
आणि तीनवर, गिरजात,
किती जपून उतरत असेल त्याचा अंगठा.

मी पेन्सिलीला टोक केलं.
खाली लिहिलं: रामबाग, दीड.
मग काकूंची बरणी आठवली,
खोडून सव्वा केलं.