मध्यम गट

फॉर्म आज रात्री बाराला बंद.
नाव, वय, रक्तगट भरून झालं.
एकोणचाळीस लिहिताना अंगठा
थोडा अडखळला, तरी लिहिलं.
आता तीन चौकोन: नवशिके, मध्यम, निष्णात,
आणि खाली बारीक अक्षरात,
एकदा निवडलेला गट बदलता येणार नाही.

धरणाच्या बांधावर बसलेय, बोर्ड शेजारी पालथा.
मागं खात्याचा निळा फलक,
दोन वर्षांपूर्वी मीच रंगवून घेतलेला:
मासोळी मध्यम प्रकल्प, ता. गंगाखेड.
हा शब्द मी दिवसातून चाळीसदा लिहिते.
मध्यम जमीन, म्हणजे हलकी नाही, भारी नाही.
मध्यम स्वरूपाचा पाऊस, म्हणजे आला तर आला.
माझ्या बायोडाटातही होतं,
उंची मध्यम, रंग निमगोरा.
ते कुणी खोडलं नाही,
उत्तरही दिलं नाही.

नवशिकी म्हणावं तर खोटं होईल.
तीन उन्हाळे झाले, गुडघ्यांवरून उठून
या पाण्यावर मी उभी राहते,
पलीकडच्या बुडालेल्या बाभळीपर्यंत जाते,
वळताना मागचा पाय दाबते
आणि आठातून सहा वेळा पडत नाही.
मोजलेलं आहे. मोजणं माझं कामच.

पण लाट?
वैशाखात वारा सुटला की
पाण्यावर वीतभर शिरशिरी येते,
तिच्यावर बोर्ड आपोआप सरकतो,
दोन श्वास, वल्हं न मारता.
तेवढ्यालाच मी लाट म्हणत आले.
मालवणची लाट व्हिडिओत पाहिली.
तहसीलच्या कंपाउंडाएवढी,
आणि ती चालत येते.
फॉर्म विचारतो, लाटेवर किती सेकंद?
दोन श्वासांचे किती धरायचे?

आरिफा फोनवर म्हणाली,
नवशिक्यांत टाक नाव, ढाल घेऊन येशील.
शाळेतल्या पोरींच्या रांगेत मी,
हातात ढाल.
ती ठेवायला टीव्हीशेजारी जागा आहे,
हेही खरं.

सटवाजीमामा परतायलेत.
थर्माकोलच्या लादीवर उभे,
हातात वेळूचं वल्हं, पायाशी ओलं जाळं,
पाय असे, जणू घरच्या ओट्यावर.
मी ओरडून विचारलं,
मामा, तुमचा गट कोणता?
वल्हं थांबलं.
"माजा? दोनशे सात.
तू रोज पडतीस ना, तितंच खाली.
हिरीचा कठडा हाय, पाय नको लागू देऊस."
आणि गेले पुढं, जाळं आवरत.

तीन उन्हाळे मी त्यांच्या वावरात पडत आले.
संपादनाच्या रजिस्टरात असेल
दोनशे सातची प्रत, हलकी की भारी.
उद्या बघीन.
बघून काय करणार, माहीत नाही.

ऊन उतरलं. वारा पश्चिमेचा, कोरडा.
फोन चपलेत ठेवला, चार टक्के,
तिन्ही चौकोन रिकामे.
बोर्ड सुलटा केला, पाण्यात लोटला.
विहिरीवर पोचले की एक शिरशिरी येऊ दे,
उभी राहून मोठ्यानं मोजते.
तीनच्या पुढं गेले तर मध्यम.
नाही गेले
तरी मध्यमच, पण मग ओल्या अंगठ्यानं,
आणि ओला अंगठा
हा फोन ओळखत नाही.