सोळा पानं

सोळा पानांचं साहस, पिना गंजलेल्या.
वर छापलंय : 'चार तासांत संपेल.'

कर्वेनगर, तिसरा मजला, पंखा बंद,
नाहीतर नकाशा उडतो.
पान तीनवर नावाडी. एकच ओळ :
पैसे घेतो, पार नेतो.

मृण्मयीनं विचारलं, नाव काय त्याचं?
समोरच्या पंक्चरवाल्याची पाटी वाचून
म्हणालो, भिकोबा.
आणि घरी कोण?
मुलगा होता. पलीकडं उतरला,
परत आला नाही.

मग फासे तसेच पडून राहिले.
चेटकीण, तळघर, शापित मुकुट...
पान चारच्या पुढं कुणी गेलंच नाही.

साडेअकराला वॉचमन ओरडला, गाड्या काढा.
जिन्यात तन्वीर :
रविवारी सापडेल ना रे, भिकोबाचा मुलगा?

पुस्तिका पुन्हा चाळली.
समासात जागा होती,
बोटभर.