किती लिटरचा दम

वॉशिंग्टन ओलिव्हेराच्या दुकानात
काचेखाली तीन स्प्रे गन आडव्या निजलेल्या.
एक इटालियन, निळ्या मुठीची.
एक चिनी, रविवारच्या मांसाच्या भावात.
तिसरीच्या खोक्यावरचं देशाचं नाव
उन्हाने खाल्लेलं.

मी म्हटलं, जुनी पिकअप आहे.
दोन मडगार्ड, एक दार, जमलं तर बॉनेट.
परसातल्या शेडमध्ये. एकटीच मारणार.

त्याने गनकडे पाहिलंच नाही.
"काँप्रेसर केवढा?"
"चोवीस लिटर."
हसला नाही, हा त्याचा भलेपणा.
मातेचा घोट नळीतून ओढला, नळी माझ्याकडे केली,
मग म्हणाला, "ही निळी गुणाची आहे, नेलिदा,
रंग वाया घालवत नाही,
पण हवा घटाघटा पिते.
अर्धं दार होईस्तोवर तुझं यंत्र धापा टाकेल,
मग ही नुसती थुंकत सुटेल."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?
सगळा हिशेब एवढाच.
मी पोहरे बघत उभी होते.

गन न घेता घरी आले.
धापा हा शब्द तेवढा बरोबर आला.

शेडमध्ये खिळ्याला बापाची गन टांगलेली आहे.
खाली लिटरभराचा ॲल्युमिनियमचा डबा,
भरला की मनगट मागे ओढतो.
चौतीस वर्षं त्याने बस रंगवल्या,
तोंडाला फक्त रुमाल.
आई रुमाल धुवायला घ्यायची आणि म्हणायची,
आज आर्तिगासची बस होती वाटतं, हिरवी.
शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टरने त्याला नळीत फुंकायला लावलं.
फुंका दोन आन्सेल्मो, अजून, अजून, अजून...
काटा थोडा हलला आणि बसला.
बाप म्हणाला, "गन ठीक आहे हो,
काँप्रेसर गेलाय."
डॉक्टर हसला. आम्हीही हसलो,
तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्याची गन खोलली. थिनरमध्ये रात्रभर ठेवली.
नॉझल एक पूर्णांक आठ,
प्रायमरला चालेल, वरच्या रंगाला जाड.
पुठ्ठ्यावर मारून पाहिली:
डावीकडे दाट, उजवीकडे विरळ,
त्याच्या चालण्यासारखी.
गळ्याच्या आत पिवळ्याची एक कडी राहिली होती.
ती मी काढली नाही.

सोमवारी पुन्हा दुकानात.
सगळ्यात लहान गन मागितली, वरच्या कपाची,
सव्वाशे मिलीची, खेळण्यातली वाटते ती.
"एवढीशीने बॉनेट?"
बॉनेट नाही, म्हटलं. बॉनेट राहू दे.
मडगार्ड, मग थांबायचं,
टाकी भरेपर्यंत दम खायचा,
मग दार, तुकड्यातुकड्याने.
आणि तो मास्क दे,
दोन्ही गालांना डबे असलेला.
"तो गनच्या दुप्पट आहे."
माहीत आहे.
त्याने परत काही विचारलं नाही,
डब्यांचा एक जादा जोड मात्र पिशवीत टाकला.

मास्कमध्ये आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येतो.
आत. बाहेर.
कोपऱ्यात काँप्रेसर सुरू होतो, थरथरतो, गप्प होतो.
मी थांबते तेव्हा तो चालतो.
तो थांबला की माझी पाळी.
दक्षिणेचा वारा पत्र्याला हात लावून गेला
आणि मी त्याला मराठीत सांगता येणार नाही असं बोलले,
कारण धूळ.

दाराच्या खालच्या कोपऱ्यात घाई झाली.
दाब संपत आला होता, तरी ट्रिगर सोडला नाही मी;
बापाची लेक.
तिथे रंग दाणेदार बसला,
संत्र्याच्या सालीसारखा.
दोन हजारचा कागद पाण्यात भिजत ठेवलाय.

शेजारचा आपारिसिओ संध्याकाळी आला,
तीस एकर संत्र्यांचा धनी.
वाळलंय का विचारून त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला,
बाग पाहताना फिरवतो तसा.
"साल्तोचीच गाडी," म्हणाला,
"अजून आठवडा झाडावर राहू दे."