शेवटची आठ मिनिटं

मला विचाराल, तर या महिन्यातले सिनेमे बरे होते.
म्हणजे शेवट बरे होते.
आधीचं मला माहीत नाही.

प्रेस्टनच्या गोदीकडच्या थिएटरात मी झाडू मारते,
आठवड्याच्या पाच संध्याकाळी.
पडद्यावर नावं सरकायच्या आठ मिनिटं आधी
काळी पिशवी आणि लांब दांड्याची सुपली घेऊन
दाराच्या आत भिंतीला टेकून उभं राहायचं.
गॅरेथ म्हणतो, पडद्याकडे बघू नका.
गॅरेथचं काय जातंय म्हणायला.

तर, पडदा दोन. अंतराळातला.
यान जळतं, बाई वाचते,
आणि तो हेल्मेटच्या काचेवर बोटानं
काहीतरी लिहून मरतो.
काय, ते तेवीस खेळांत मला लागलेलं नाही.
माझं मत : मरताना तरी माणसानं अक्षर नीट काढावं.

पडदा पाच. भूत शेवटी आईच निघते.
मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,
अर्थात पहिल्या दिवशीही मी शेवटच पाहिला होता.
या सिनेमाला पॉपकॉर्न उडतं
पार चार रांगा पुढे.
रडक्या सिनेमाला डबे भरलेले तसेच,
कप ठेवायच्या खळग्यात भिजके कागद.
आणि विनोदी म्हणून जो लावलाय
त्याच्या खुर्च्यांखाली एक दाणा नाही,
कुणी हललंच नसणार.
मी परीक्षण करते ते असं,
खालून वर.

इचलकरंजीहून वहिनी फोनवर म्हणते,
"मज्जाय बाई, रोज फुकट पिक्चर!"
मी तिला शेवट सांगते, ती आधीचं रचते.
तिच्या आधीच्यात सायझिंगवाला सावकार असतो,
दोन भावांत अडकलेली एक भिंत असते.
त्या जळणाऱ्या यानातसुद्धा
तिनं एक जाऊबाई बसवली.
खोटं कशाला बोलू,
यान का जळलं ते तेव्हा कुठं पटलं.

पडदा तीनवर एक छोटा सिनेमा होता, बंद खाणींच्या गावातला.
शेवटी एक म्हातारा दाराच्या पायरीवर
पिशवी ठेवतो, बेल न वाजवता जातो.
दार उघडतं. त्याची लेक पिशवी उचलते,
कचऱ्याच्या डब्यात टाकते.
मग नावं.
मी मॉरीनला म्हणायचे, दगड आहे पोरगी.
निदान उघडून तरी बघ गं, काय आणलंय बापानं.
हा "दगड" शब्द मॉरीनला इतका आवडला
की ती गॅरेथलाही तेच म्हणायला लागली.
त्या म्हाताऱ्यासाठी मी दोनदा रडलेय,
सुपलीच्या दांड्यावर हनुवटी टेकून.

परवा सुट्टी होती.
गणवेश न घालता गेले, ई-सातवर बसले,
तिचा डावा हात चिकट असतो हे ठाऊक असून.
पहिल्यापासून पाहिला.
म्हाताऱ्यानं काय करून ठेवलं होतं ते सांगत नाही,
तुम्ही बघणार असाल.
पिशवीत काय होतं, तेही नाही.
एवढंच, की ती मुलगी पिशवी टाकत नाही,
ठेवते. झाकण लावताना आवाज होऊ देत नाही.
इतक्या वेळा बघून मला हे दिसलं नव्हतं.

आठ मिनिटं उरली तशी दार उघडलं,
मॉरीन आत येऊन भिंतीला टेकली.
पोरीनं पिशवी उचलली.
अंधारात मॉरीननं मान हलवली,
मला ओळखून, लांबूनच ओठांनी म्हणाली,
दगड.
मी काही बोलले नाही.
दिवे लागले. पायाशी माझेच चार दाणे होते,
उचलून कोटाच्या खिशात टाकले.

रात्री वहिनीला म्हटलं,
आज मी सुरुवात सांगते, शेवट तू कर.
सगळं ऐकून ती जरा वेळ गप्प राहिली,
मग तिनं त्या दोघांना जेवायलाच बसवलं,
समोरासमोर, पिठलं-भाकरी,
वर तिखट झालंय म्हणून म्हाताऱ्याला दही.

माझं मत विचाराल तर,
साफ चूक.
दही कुठलं, साधं की गोड,
एवढंच मी विचारलं.