पाण्याची उंची

आम्ही अकरा जण, एक प्राध्यापक, एक छत्री.
मोझेलच्या काठाकाठानं बस वळत होती
आणि डॉक्टर ब्रेमर प्रत्येक वळणावर किल्ला दाखवत होते.
"डावीकडे बघा" म्हणेपर्यंत नदी वळायची,
डावीकडचं उजवीकडे जायचं.
चौथ्या किल्ल्यानंतर यारोस्लावानं डोळे मिटले,
ओबिन्नानं पाव-चीजचा डबा उघडला.
मी वहीत लिहिलं: किल्ले सात.
(किंवा सहा. एक बहुतेक दोनदा आला.)

दुपारी एका द्राक्षमळेवालीकडे नेलं.
हिल्ट्रूडबाई, रबरी बूट, पंच्याहत्तरीच्या पुढची.
तिचा मळा भिंतीसारखा उभा,
माती अशी नाहीच, नुसत्या पाटीच्या कपच्या.
"दगड दिवसभर तापतो," ती म्हणाली,
"रात्री वेली त्याला पाठ शेकत बसतात."
एक कपची उचलून मी नखानं रेघ ओढली.
पांढरी उमटली.
कुणी बघत नाहीसं पाहून थुंकीनं पुसली,
पहिलीत असताना पुसायचे, तशीच.

तळघराच्या दाराला ओकची चौकट.
डावीकडे चाकूच्या खाचा: पाणी कुठवर आलं, आणि साल.
उजवीकडे पेन्सिलीच्या रेघा: मुलं कुठवर आली, आणि साल.
डॉक्टर ब्रेमर सनावळ्या सांगू लागले
तोवर आम्ही एकेक जण चौकटीला पाठ लावून उभे.
दोन हजार तीन ओबिन्नाच्या जेमतेम गुडघ्याला.
पंच्याण्णव यारोस्लावाच्या गळ्यापर्यंत.
त्र्याण्णव माझ्या डोक्यावरून गेलं, केसभर.
मराठीत हे सगळं आधीच म्हणून ठेवलंय,
ते जर्मनमध्ये सांगायला गेले,
तर क्रियापद येईस्तोवर हशा संपला होता.

मुलांच्या रेघा सोळाव्या वर्षी थांबल्या होत्या.
उल्फ, गेझीने. थांबतातच.
पण शेजारी आणखी काही रेघा होत्या, अलीकडच्या,
आणि त्या खाली खाली येत होत्या.
"ह्या कुणाच्या?"
"माझ्या," हिल्ट्रूड म्हणाली. "मुलं गेली, पेन्सिल राहिली.
सहा वर्षांत साडेतीन सेंटिमीटर.
त्र्याण्णवची खाच मी गेल्या मार्चमध्ये ओलांडली. वरून."
बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिनं.
डॉक्टर ब्रेमरनी उगाच घड्याळ पाहिलं.

मी विचारलं, मग घर वर का नाही बांधलंत, चढावर?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पाटी घरी विसरून शाळेत आलेय.
"वर ऊन असतं," ती म्हणाली.
"ती जागा द्राक्षांची."

मग आंबट वाईन, इवलाले पेले.
निघताना तिनं मला परत चौकटीपाशी उभं केलं,
डोक्यावर हिशेबाची वही आडवी धरली, रेघ ओढली.
तिच्या यंदाच्या रेघेवरच बसली ती.
आता तिथं नाव कुणाचं लिहायचं?
तिनं क्षणभर पेन्सिल कानावर खोचली,
पुन्हा काढली, आणि सालापुढे लिहिलं: दोघी.

परतताना किल्ले उलट्या क्रमानं आले.
सोमवारी निबंध द्यायचाय, आठशे शब्द,
खोऱ्याचा सांस्कृतिक इतिहास.
दाराचा फोटो आहे माझ्याकडे,
पण त्र्याण्णववर ओबिन्नाचं कोपर आलंय.
तोच म्हणाला, पाऊस येणारसं दिसतं.
सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं,
आभाळाकडे नाही,
नदीकडे.