एकेचाळीस फुटांवर

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहिते आहे:
रूपांतरित खडक. कारणे दोन, उष्णता आणि दाब.
उदाहरणे द्या. गुण तीन.
चुनखडकाचा संगमरवर, शेलची पाटी.
खडू ठेवून हात झटकते तेव्हा खिडकीबाहेर
जांभ्याचा तांबडा सडा, करवंदीच्या जाळ्या,
त्यापलीकडे निवतीचा समुद्र.
संगमरवर आमच्याकडे फक्त
पतसंस्थेच्या पायऱ्यांना आहे.

सगुण मेस्त्री विहिरी खणतो,
म्हापणपासून पाटापर्यंत.
मार्चमध्ये आला, मुलीच्या फॉर्मवर सही करायला,
आणि टॉवेलात गुंडाळलेला एक दगड
त्याने माझ्या हजेरीपटावर ठेवला.
"बाई, ह्यो फातर कित्याक चकाकता?"

वर अठरा फूट जांभा, तो सांगत होता.
मग शेडी, पांढरी, ओली, पायाखाली लोण्यासारखी.
तिने चार दिवस खाल्ले.
मग एकेचाळीस फुटांवर पहार सटकली
आणि बॅटरीच्या उजेडात सगळी विहीर
बांगड्याच्या पाठीसारखी लकाकली.
"वायच भियालंय.
वाटला, कोणाचा तरी घर फोडलंय."

हातात घेतला. अभ्रकाची पानं,
एकाला एक चिकटलेली, नखाने सुटतील अशी,
मधे मसुराएवढं लाल गार्नेट.
मी सांगितलं ते पुस्तकातलंच,
पण सांगताना पहिल्यांदा ऐकलं:

हा चिखल होता, सगुण.
समुद्राचा तळ. तेव्हा मासा जन्मला नव्हता,
म्हणून ह्यात काटा नाही, शिंपला नाही.
भरती-ओहोटी होती, बघायला कुणी नसताना.
मग चिखलावर चिखल. त्यावर डोंगर.
मग खाली, खाली,
कढत काळोखात, सगळीकडून दाबलेला,
एका बाजूने जरा जास्त.

"म्हणजे कढान पातळ झालो."

नाही. तेच तर.
पातळ झाला असता
तर सगळं विसरून नव्याने गोठला असता.
तो खडक वेगळा, त्याचा धडा वेगळा.
हा वितळला नाही.
घट्ट राहिला, आणि घट्टपणातच आतून हलला.
कण कणाच्या कुशीतून सरकला,
भार आला तिथे आडवा झाला,
चपटा, लांब, एका दिशेचा,
पूर ओसरल्यावर खाडीकाठी
लव्हाळं निजलेलं असतं तसा.
अभ्रक त्याच चिखलाचं. गार्नेट त्याच चिखलाचं.
वरून कुणी चिमूटभर काही घातलं नाही.
गेलं ते फक्त पाणी.

पाणी म्हणताच सगुण हसला.
त्याला तेवढंच हवं होतं.
म्हटलं, दगडात शोधू नको, पानांच्या फटींत बघ,
ज्या अंगाला पानं कलली असतील तिकडे.
मग सही केली. मग तो गेला.
दगड राहिला.

माझ्याबद्दल स्टाफरूममध्ये म्हणतात,
बाई अगदी दगड झाल्यात, तेव्हापासून.
कुठला, ते कुणी विचारत नाही.

आठवड्याने मुलीने निरोप आणला:
पश्चिमेच्या अंगाने ओल आली.
पाणी म्हणण्याइतकी नाही.
बाबा म्हणाले, अजून खणतोय.

एप्रिलच्या पेपरात सिद्धी सगुण मेस्त्रीने
पाटी लिहिली नाही, संगमरवर लिहिला नाही.
लिहिलं: उदा. परबांच्या विहिरीतला फातर.
आधी चिखल होता. वितळला नाही.
आदर्श उत्तरात हे नाही.
'फातर'खाली रेघ मारायला लाल पेन टेकलं,
टेकलं तिथे एक ठिपका उमटला,
मसुराएवढा.
तो तसाच ठेवला. तीनपैकी तीन.

दुपारचा खारा वारा सुटला.
गठ्ठ्यावर तो दगड होता.
कागद फक्त कडांनी हलले.